भिंतीचं पोट की भिंगाचं?

जुन्या तटाची भिंत एका रात्रीत पडत नाही. आधी तिला पोट सुटतं. बाहेरून आणि आतून घडीव दगड, मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव, अशी तिची रचना. वरच्या फांजीच्या, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेच्या, फटींतून पावसाचं पाणी भरावात उतरतं, सांध्यांतला चुना धुऊन जातो, उंबर-पिंपळाची मुळं शिरतात आणि बाहेरचा थर बोटाबोटाने पुढे सरकू लागतो. खालच्या वाटेने रोज जाणाऱ्यालाही ते कळत नाही. मग एखाद्या श्रावणात ते पोट फाटतं आणि पहाटे घळीत दगडांची रास दिसते.

म्हणून किल्ल्यांवर मनापासून काम करणारी माणसं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकाच जागेवरून तटाचे फोटो काढून ठेवतात. दोन फोटो शेजारी ठेवले, की भिंत हलली का, हे दिसावं अशी अपेक्षा. अपेक्षा रास्त आहे. अडचण एवढीच, की कॅमेऱ्याची लेन्स स्वतःच सरळ रेषेला पोट आणते. मग फोटोत दिसतंय ते पोट भिंतीचं की भिंगाचं, हे ठरवायचं कसं?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वेल्ह्याच्या डोक्यावर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा, त्याच्या समोर राजगड, भोरच्या बाजूला रोहिडा आणि रायरेश्वर. राजगड दोन्हीकडचा: गुंजवणे, पाली, वाजेघर या वाटा वेल्ह्याकडून, तर भुतोंड्याहून आळू दरवाजाला जाणारी वाट भोरकडून. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचंच नाव मिळालं आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगड आहे. बारांपैकी आठ केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. राजगड, साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. यादीत नाव येणं म्हणजे जबाबदारी येणं. या तटांचा प्रत्येक नीट काढलेला फोटो उद्या पुरावा म्हणून लागू शकतो.

त्यातही राजगडाची संजीवनी माची फोटो काढणाऱ्याची परीक्षाच घेते. तिथले चिलखती बुरुज आणि दुहेरी तट ही आपल्या दुर्गबांधणीतली फार मोठी कामगिरी. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहावा, अशी ती योजना. पण फोटो काढायला मागे सरकावं तर मागे दुसरा तट, आणि त्यापलीकडे कडा. भिंत चौकटीत मावायची तर लेन्स रुंद कोनाचीच हवी. आणि रुंद कोनाची लेन्सच रेषा सगळ्यात जास्त वाकवते. जिथे अचूकता सर्वांत गरजेची, तिथेच हत्यार सर्वांत बेभरवशाचं.

या वाकण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा चार मीटर उंचीची भिंत फोटोत वरपासून खालपर्यंत भरली आहे, आणि लेन्स कडेच्या रेषेला चौकटीच्या उंचीच्या एक टक्का वाकवते. रुंद टोकाला साध्या झूम लेन्ससाठी एक टक्का ही काही मोठी चूक नव्हे. तरी फोटोवरून मोजलं तर ती भिंत मधोमध चार सेंटिमीटर फुगलेली भरेल. चार सेंटिमीटरचं खरं पोट तटाला असेल तर जाणत्या माणसाने लगेच दखल घ्यायला हवी.

यात आणखी एक मेख आहे. रुंद कोनाची लेन्स रेषेला चौकटीच्या बाहेरच्या दिशेने वाकवते. त्यामुळे भिंतीची कड फोटोच्या उजव्या टोकाशी असेल आणि भिंत तिच्या डावीकडे, तर भिंत फुगल्यासारखी दिसते. भिंत त्याच कडेच्या उजवीकडे असेल, तर तीच लेन्स भिंतीला खोलगट करते, आणि खरोखर सुटलेलं पोट झाकून टाकते. म्हणजे लेन्सची चूक खोटा धोका दाखवते, आणि खरा लपवतेही. दुसरी शक्यता मला जास्त भीतीदायक वाटते.

वेल्ह्यात लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण मला भेटला. कॅमेरा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला, त्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स. हंगाम नसला की तो तोरण्यावर आणि राजगडावर जातो. फोटोंवरचं सगळं काम डार्कटेबल या मोफत प्रोग्रामवर करतो, कारण दरमहा पैसे भरायचे प्रोग्राम त्याला परवडत नाहीत. त्याने मला लॅपटॉपवर तोरण्याच्या बुधला माचीचा फोटो दाखवला, एक बटण दाबलं, आणि चौकटीच्या कडेची वाकलेली रेष सरळ झाली. "दादा, हे होतं कसं?" त्याने विचारलं. "माझी लेन्स कोणती, तिची खोड कोणती, हे याला सांगितलं कुणी?"

प्रश्न नेमका होता. फोटो उघडला की प्रोग्राम त्यातली नोंद वाचतो: कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, झूम कितीवर. मग लेन्सफन नावाच्या एका खुल्या संग्रहात त्या लेन्सचं नाव शोधतो. लेन्सफन २००७ मध्ये अँड्र्यू झाबोलोत्नी याने सुरू केलं. पुढे इतरांनी ते सांभाळलं. डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम हे सगळे याच संग्रहावर विसंबतात. संग्रहात प्रत्येक लेन्सपुढे काही आकडे असतात, साध्या मजकुराच्या फायलीत, कुणालाही उघडून वाचता येतील असे. हे आकडे म्हणजे त्या लेन्सच्या चष्म्याचा नंबर. त्यालाच लेन्स प्रोफाइल म्हणतात.

आणि सांगितलं कुणी? कुणीतरी जगाच्या पाठीवर कुठेतरी स्वतःच्या त्याच लेन्सने फोटो काढले, मोजमाप केलं आणि आकडे पाठवून दिले. लेन्स बनवणाऱ्यांनी नव्हे, वापरणाऱ्यांनी. वेल्ह्याच्या त्या पोराच्या फोटोतली रेष सरळ झाली ती अशा एका अनोळखी माणसाने घालवलेल्या दुपारीमुळे. हे कळल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मलाही यातलं मोठेपण त्याच्यामुळे नव्याने जाणवलं.

लेन्सच्या खोडी तीन. रेषा वाकणं ही पहिली. रुंद कोनाला रेषा पिंपाच्या फळ्यांसारख्या बाहेर जातात, झूम पुढे नेला की बऱ्याच लेन्समध्ये उलट आत खेचल्या जातात. केंद्रापासून बिंदू जितका दूर, तितकी त्याची सरकण जास्त. आणि ती सरकण ए, बी, सी या तीन आकड्यांच्या सूत्रात बसवता येते. हे सूत्र जर्मनीतल्या हेल्मुट डेर्श यांच्या पॅनोरामा टूल्समधून आलं आणि बऱ्याच मोफत प्रोग्रामांनी ते स्वीकारलं. झूम लेन्सचे आकडे चार-पाच ठिकाणी मोजलेले असतात, मधल्या जागा प्रोग्राम हिशेबाने भरून काढतो.

दुसरी खोड कोपरे काळवंडण्याची. सूर्य डोंगराआड गेल्यावर काढलेल्या फोटोत ती खपून जाते. जुलैत तोरण्यावर धुकं उतरलं, सगळं आभाळ एकसारखं राखाडी झालं, की ती उघडी पडते. तिसरी, रंगांच्या झालरीची. लाल, हिरवी आणि निळी प्रतिमा एकाच आकाराची पडत नाही, लाल किंचित मोठी किंवा निळी किंचित लहान. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, उजळ आभाळावर टिपून पाहा: दगडाच्या कडेला एका बाजूला तांबूस, दुसऱ्या बाजूला निळसर रेघ दिसेल. लाल आणि निळ्या प्रतिमेचा आकार केसभर कमी-जास्त केला की ती जाते.

कुणी विचारेल, मोबाइलच्या फोटोत हे का दिसत नाही? मोबाइल आणि बरेच कॅमेरे जेपीजी फोटो तयार करतानाच ही दुरुस्ती आत करून टाकतात. रॉ फाइल मात्र सेन्सरवर पडलं तसं ठेवते, खोडींसकट. अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या कितीतरी लेन्स तर रेषा वाकणारच हे धरूनच घडवल्या जातात. काच हलकी आणि स्वस्त ठेवायची, वाकलेलं प्रोग्रामने सरळ करायचं. त्या दुरुस्तीचे आकडे फोटोच्या फायलीत लिहिलेले असतात, पण प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने. मोफत प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ते उलगडून काढले, म्हणून आता डार्कटेबलला काही कॅमेऱ्यांचे आकडे थेट फायलीतून घेता येतात. जुन्या कॅमेऱ्यांना आणि जुन्या लेन्सना ही सोय नाही. आणि आपल्या गावांतून फिरतात ते कॅमेरे बहुतेक जुनेच.

त्या तरुणाकडे दुसरीही एक लेन्स होती, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या काळातली, हाताने फोकस करायची. तिच्यासाठी यादीत काहीच नव्हतं. आम्ही ठरवलं, आपणच मोजायचं.

मोजायला हवी एक लांब, खरोखर सरळ रेष. ऐकायला सोपं आहे. वेल्ह्यात शोधायला निघालो आणि लक्षात आलं, की आपल्या आसपास सरळ रेष फार दुर्मिळ आहे. जुन्या घरांचे वासे वाकलेले. विजेच्या तारा झोळ खाऊन लोंबणाऱ्या. एसटी स्टँडच्या पत्र्याची पागोळी ठेचलेली. डोंगराची धार तर विचारूच नका. भोरला राजवाड्याच्या चौकात लाकडी खांबांची आणि तुळयांची देखणी रांग आहे, पण इतक्या वर्षांचं लाकूड कुठे दबलं, कुठे कललं, हे डोळ्याला कळत नाही. ज्या वास्तूचं वाकणं मोजायचं तिलाच सरळ धरून चालणार नाही. नव्या शाळेच्या स्लॅबची कड त्यातल्या त्यात बरी. काँक्रीटच्या लांब इमारतीची वरची कड चौकटीच्या वरच्या काठाशी आणायची, कॅमेरा तिकाटण्यावर, फोकस अनंतावर, आयएसओ कमीत कमी. साधारणपणे हेच पुरतं.

पण खात्रीची रेष हवी असेल तर उपाय गवंड्याच्या पिशवीत आहे: ओळंबा. भिंत सरळ चढते आहे की नाही, हे गवंडी ज्या दोरीने पाहतो तीच. आणि ही काही आमची गावठी युक्ती नव्हे. अमेरिकेतले डुएन ब्राउन हे भूमापनाच्या कॅमेऱ्यांवर काम करत. १९७१ मध्ये त्यांनी लेन्सची वक्रता मोजायची पद्धत प्रसिद्ध केली, ती ओळंब्यांवरच उभी आहे. ओळंब्याच्या दोऱ्या टांगायच्या, वजनं तेलात बुडवून त्यांचं हलणं थांबवायचं, मागे काळा पडदा लावायचा आणि फोटो काढायचा. दोरी सरळ आहे हे पृथ्वीनेच ठरवलेलं. फोटोत ती वाकली तर दोष लेन्सचाच. आजचं बरंचसं गणित त्याच वाटेने येतं. ज्या साधनाने राजगडाचे तट उभे राहिले, त्याच साधनाने त्यांचा फोटो तपासता येतो, याचा मला फार आनंद झाला.

आम्ही एका ओसरीत काळी चादर लावली, पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्या टांगल्या, वजनं पाण्याच्या बादल्यांत सोडली. वारा थांबेपर्यंत वाट पाहणं हेच खरं काम. इतक्या जवळून मोजलेले आकडे लांबच्या दृश्याला काटेकोर लागू पडत नाहीत, कारण फोकस बदलला की वक्रताही थोडी बदलते. म्हणून शाळेच्या कडेचे फोटोही घेतलेच आणि दोन्ही ताडून पाहिले. फोटोतली रेष ह्युगिन या मोफत प्रोग्रामला दाखवली की तो ए, बी, सी काढून देतो. रंगांच्या झालरीसाठी त्याच्याच सोबत येणारं दुसरं छोटं साधन आहे. त्याला ठसठशीत कडा असलेला एक फोटो पुरतो.

कोपऱ्यांच्या काळोखीसाठी लेन्ससमोर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा धरावा लागतो. पाट्या रंगवणाऱ्याकडे असा तुकडा सहज मिळतो. ढगाळ आभाळाकडे कॅमेरा करायचा आणि प्रत्येक ॲपर्चरवर एक फोटो घ्यायचा. ॲपर्चर पूर्ण उघडं असताना कोपरे गडद, एफ/८ ला बरेचसे साफ. त्यामुळे आकडेही दर ॲपर्चरला वेगळे. वेल्ह्याच्या पावसाळी आभाळासारखं आभाळ या कामाला शोधून सापडणार नाही.

आता या दुरुस्तीच्या मर्यादाही बोलल्या पाहिजेत, कारण बटण दाबलं की फोटो खरा झाला, असा समज पसरतो आहे.

पायथ्याशी उभं राहून बुरुजाकडे कॅमेरा वर केला, की बुरुज वर निमुळता होतो. हा लेन्सचा दोष नव्हे, उभं राहण्याच्या जागेचा परिणाम आहे. प्रोफाइल त्याला हात लावत नाही, लावूही नये. त्यासाठी डार्कटेबलमध्ये वेगळी सोय आहे. ती वापरली तर तसं लिहून ठेवावं. दुसरं, सगळं गणित लेन्स केंद्राभोवती सारखी आहे असं धरून चालतं. पडलेल्या, ठोकर लागलेल्या लेन्समधली काच सरकलेली असेल तर एक बाजू धूसर राहते, आणि तिला कुठलाही आकडा वाचवत नाही. आपल्याकडच्या पावसात लेन्सच्या आत बुरशी धरते, तिलाही नाही. तिसरं, अर्ध्या आकाराच्या सेन्सरवर मोजलेली लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चढवली, तर बाहेरच्या कोपऱ्यांचं मोजमापच झालेलं नसतं. उलट दिशेने चालतं. लेन्सफन हे स्वतः सांभाळतं. पण यादीतून हाताने भलतीच लेन्स निवडली तर माणसालाच सांभाळावं लागतं. मिळत्याजुळत्या नावाची प्रोफाइल लावून वाकडी रेष दुसऱ्या बाजूला वाकवलेले फोटो मी पाहिले आहेत. त्यापेक्षा दुरुस्ती न केलेला फोटो बरा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. बऱ्याच फोटोंवरून तटाची त्रिमिती प्रतिमा करायची असेल तर फोटो आधी सरळ करू नयेत. ओपनड्रोनमॅप, मेशरूम यांसारखे मोफत प्रोग्राम लेन्सची वक्रता फोटोंमधूनच शोधून काढतात. आधी दुरुस्त केलेले फोटो दिले तर त्यांचा हिशेब चुकतो. डोळ्यांनी पाहायच्या आणि छापायच्या फोटोला प्रोफाइल हवी. त्रिमितीच्या कामाला मूळ फोटो हवा. म्हणून रॉ फाइल कधीही टाकून देऊ नये. डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही. कोणती दुरुस्ती, कोणती प्रोफाइल, हे सगळं तो शेजारच्या छोट्या मजकुराच्या फाइलीत लिहितो. ती छोटी फाइलही फोटोबरोबरच जपावी. दहा वर्षांनी कुणी विचारलं की या फोटोत काय बदललं होतं, तर उत्तर त्यात असेल.

फोटोवरून वास्तू मोजायची कल्पना किल्ल्यांइतकी जुनी नाही, पण जवळजवळ कॅमेऱ्याइतकी जुनी आहेच. १८५८ मध्ये आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण जर्मन वास्तुविशारद वेत्झलारच्या कॅथेड्रलचं माप घेत होता. उंचावरून पडता पडता तो वाचला, आणि त्याच्या मनात आलं की हे माप हाताने घेण्याऐवजी फोटोवर का घेऊ नये. पुढे १८८५ मध्ये त्याच्याच पुढाकाराने प्रशियात वास्तूंचे मोजता येतील असे फोटो काढून ठेवणारी सरकारी संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बखाली गेलेल्या कितीतरी इमारती पुन्हा उभारताना त्या संग्रहाचा आधार झाला. त्या फोटोंना किंमत आली ती त्यांच्या देखणेपणामुळे नव्हे. कोणत्या लेन्सने, किती अंतरावरून काढले, याची नोंद होती म्हणून.

आपल्याकडे किल्ल्यांचे फोटो कमी नाहीत. दर शनिवार-रविवारी गुंजवण्याच्या वाटेवर शेकडो कॅमेरे चढतात. सूर्योदयाचा बालेकिल्ला, पावसातली पद्मावती माची, कारवीच्या फुलोऱ्यातला तोरणा यांचे अप्रतिम फोटो निघतात. पण तटाचा साधा, समोरून काढलेला, तारीख असलेला, कोणत्या जागेवरून आणि कोणत्या लेन्सने हे लिहिलेला फोटो मागायला गेलं तर हात रिकामे राहतात. मला ही उणीव लाजिरवाणी वाटते. तरुण मंडळी टाक्या उपसतात, झाडोरा काढतात, पडलेले दगड नोंदवतात. त्या श्रमांच्या जोडीला इतकी साधी नोंद असायलाच हवी. तिला खर्च जवळजवळ नाही. प्रोग्राम मोफत, लेन्सचे आकडे मोफत.

मोफत म्हणजे कुणीतरी दिलेलं. लेन्सफनचे आकडे ज्या खुल्या परवान्यावर मिळतात, त्याच जातीच्या परवान्यावर विकिमीडिया कॉमन्सवर आपल्या किल्ल्यांचे फोटो आहेत: घ्या, वापरा, नाव सांगा, आणि बदल केलात तर तोही तसाच खुला ठेवा. यातला 'द्या' हा भाग आपल्याकडून फार कमी होतो. आपल्या भागातल्या स्टुडिओंत, लग्नाच्या फोटोग्राफरांकडे, गिरिभ्रमण संस्थांच्या कपाटांत कितीतरी जुन्या लेन्स असतील ज्यांची प्रोफाइल संग्रहात नाही. एका लेन्सला एक दुपार लागते.

वेल्ह्याच्या त्या तरुणाने त्याच्या जुन्या लेन्सचे आकडे स्वतःच्या संगणकात घातले आहेत आणि संग्रहाकडे पाठवायची तयारी चालवली आहे. वाचकहो, तुमच्याकडे कॅमेरा असेल तर आधी तुमची लेन्स संग्रहात आहे का ते पाहा. नसेल तर पाऊस उघडल्यावर एखाद्या सरळ कडेच्या इमारतीसमोर तिकाटणं लावा, नाहीतर ओसरीत चार ओळंबे टांगा, मोजा आणि पाठवून द्या. आणि पुढच्या वेळी राजगडावर गेलात तर संजीवनी माचीच्या तटाचा एक फोटो समोरून, तिकाटण्यावरून, रॉमध्ये काढा. जागा, तारीख आणि लेन्स लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून दुसरा काढा.